मॉडेलिंग ॲम्पचा टोन घरी चांगला, तालमीत खराब: दोष शोधण्याचा उलटा क्रम

डिजिटल मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे निरनिराळ्या मूळ ॲम्पांची गणिती नक्कल करणारा ॲम्प, वापरणाऱ्या गिटारवादकांची एक तक्रार ठरलेली असते. रात्री खोलीत बसून तासभर खपून लावलेला टोन त्या वेळी भरदार आणि नेमका वाटतो. दोन दिवसांनी तालमीत तोच प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली नॉबांची जुळणी, लावला की खालचे स्वर घुमायला लागतात, वरून पत्र्यासारखी चरचर ऐकू येते आणि ड्रम सुरू झाले की गिटार कुठे आहे हेच कळत नाही. मग तिथेच उभ्या उभ्या ट्रेबल कमी केला जातो, गेन वाढवला जातो, घरी आल्यावर तो बदललेला प्रीसेट गोधडीखाली दडपल्यासारखा वाटतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. माझ्या ॲम्पमध्ये एकेकाळी एकाच टोनच्या नऊ प्रती साठलेल्या होत्या. ‘क्रंच’पासून सुरू झालेली नावे ‘क्रंच नवा’, ‘क्रंच शेवटचा’ असे टप्पे घेत ‘क्रंच खरा शेवटचा’पर्यंत पोहोचली होती. त्यांतली एकही प्रत चुकीची नव्हती. प्रत्येक प्रत ज्या पातळीच्या आवाजात, ज्या कोपऱ्यात आणि ज्या स्पीकरवर लावली होती तिथे ती बरोबरच होती. मात्र या तिन्हींपैकी एकही गोष्ट प्रीसेटमध्ये साठवली जात नाही.

बहुतेक जण अशा वेळी थेट मॉडेलच्या नॉबांना हात घालतात, कारण समोर तेच दिसतात. मला आता उलट्या टोकाकडून, म्हणजे कानापासून सुरुवात करून गिटारच्या तारेपर्यंत मागे मागे जाणे अधिक उपयोगाचे वाटते. तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये निर्माण झालेला संकेत ॲम्पच्या इनपुटवर अंकांत बदलतो, मग प्रीॲम्प, पॉवर ॲम्प, कॅबिनेट आणि त्यासमोरचा माइक यांच्या गणिती नकलांमधून जातो, पुन्हा विद्युत संकेत होऊन खऱ्याखुऱ्या पॉवर ॲम्पमधून खऱ्याखुऱ्या स्पीकरपर्यंत पोहोचतो आणि शेवटी भिंतींवर आपटत आपटत कानात शिरतो. या साखळीतला मधला, अंकांचा भाग रोज अगदी तोच राहतो. काल आणि आज यांत फरक पडला असेल, तर तो बहुतेक वेळा साखळीच्या दोन टोकांना पडलेला असतो, आणि त्यातही ऐकण्याच्या टोकाला अधिक.

कान आणि आवाजाची पातळी

माणसाचा कान सर्व फ्रीक्वेन्सींना सारखी दाद देत नाही आणि हा पक्षपात आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली याचे वक्र प्रसिद्ध केले आणि ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकातील वक्र पाहिले, तर १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा भासतो तितकाच १०० हर्ट्झचा स्वर भासावा यासाठी त्याला साधारण २४ डेसिबल जास्तीचे द्यावे लागतात. आवाज वाढत जातो तसा हा फरक आकसत जातो. याचा गिटारवादकाच्या दृष्टीने अर्थ असा की, शेजारी झोपलेले असताना हळू आवाजात टोन लावताना कानाला खालचे स्वर कमी पडतात, म्हणून हात आपोआप बेसकडे जातो. वरची धारही थोडी बोथट वाटते, म्हणून ट्रेबल आणि प्रेझेन्सही चढतात. मधले स्वर मात्र त्या पातळीला पुरेसे किंवा जरा जास्तच ऐकू येतात, म्हणून ते खाली जातात. हाच प्रीसेट ड्रमच्या शेजारी वाजवला की कान स्वतःची उणीव भरून काढतो आणि आपण घातलेली भर वर शिल्लक राहते. घुमणारा बेस, बोचणारा ट्रेबल आणि नाहीसा झालेला मध्य, ही तालमीतल्या तक्रारीची तिन्ही लक्षणे या एका कारणातून निघतात.

यावर उपाय एकच आहे आणि तो गैरसोयीचा आहे: टोन ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात लावावा. फोनवरील ध्वनिमापक अगदी काटेकोर नसला तरी तुलनेसाठी पुरतो. तालमीत आपण उभे राहतो त्या जागी किती डेसिबल भरतात ते एकदा पाहून ठेवावे आणि टोन लावताना तेवढीच पातळी धरावी. ती सहसा ९० च्या पुढे जाते, म्हणून हे काम दहा दहा मिनिटांच्या तुकड्यांत करावे. कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतील नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तासांची मर्यादा सुचवते आणि दर ३ डेसिबलमागे ती निम्मी करते, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास उरतो. कानाच्या आरोग्याचा प्रश्न तर आहेच, पण थकलेला कान वरचे स्वर नीट ऐकत नाही आणि अशा कानाने घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी हमखास कर्कश निघतो, हाही अनुभव आहे.

माझ्या त्या नऊ प्रतींचा निकाल एका तालमीत लागला. बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांना मी एकच चार मात्रांचा तुकडा फिरवत ठेवण्याची विनंती केली आणि ते वाजवत असतानाच, तुकड्यामागून तुकडा जात असताना, फक्त दोन नॉब हलवले. बेस सातवरून तीनवर आला आणि मिड चारवरून साडेसहावर गेला. गिटार तोवर कुठेतरी मागे भिंतीत वाजत होती. मिड सहाच्या पुढे सरकला तशी ती एकदम पुढे येऊन उभी राहिली. तुकडा थांबवून मी एकट्याने तोच टोन वाजवून पाहिला, तेव्हा तो नाकात बोलल्यासारखा आणि बऱ्यापैकी कुरूप वाटला. एकट्याने ऐकताना सुंदर वाटणारा टोन आणि इतर वाद्यांत ऐकू येणारा टोन हे दोन वेगळे टोन असतात, हे त्या दिवशी मला कानांनी कळले. तेव्हापासून मी घरासाठी आणि तालमीसाठी दोन स्वतंत्र प्रती ठेवतो आणि एकीवर केलेला बदल दुसरीवर उतरवत नाही. ज्या ॲम्पमध्ये सर्व प्रीसेटांवर एकत्र चालणारा ग्लोबल इक्वलायझर असतो, तिथे प्रती न वाढवता तेवढ्यानेही काम भागते. मात्र घरी परतल्यावर तो बंद करायची आठवण ठेवावी लागते.

स्पीकर कुठे आहे आणि कान कुठे आहे

स्पीकरचा शंकू जितका मोठा, तितके त्याचे वरचे स्वर अरुंद झोतासारखे सरळ पुढे जातात. बारा इंची स्पीकरचा व्यास सुमारे ३० सेंटीमीटर असतो आणि १००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतील लांबी सुमारे ३४ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. या फ्रीक्वेन्सीच्या वर आवाज बाजूला पसरणे कमी कमी होत जाते. ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्यापासून दोन पावलांवर उभे राहिले तर तो झोत गुडघ्यांना लागतो आणि कानापर्यंत फक्त बाजूला सांडलेला, मवाळ आवाज पोहोचतो. वादक ट्रेबल वाढवतो, आणि झोताच्या रेषेत बसलेल्या माणसाच्या कानात सुया टोचायला लागतात. त्या माणसाने तक्रार केली की वादकाला ती खरी वाटत नाही, कारण त्याच्या जागी तसे काही ऐकूच येत नसते.

खालच्या स्वरांचे गणित वेगळे आहे. जमीन, मागची भिंत आणि कोपरा या प्रत्येक पृष्ठभागामुळे बेस वाढतो, आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला ॲम्प तिन्हींचा फायदा, खरे तर तोटा, एकदम घेतो. म्हणून नॉबाला हात लावण्यापूर्वी ॲम्प खुर्चीवर किंवा मजबूत स्टुलावर ठेवावा, भिंतीपासून हातभर पुढे ओढावा आणि समोर दीड-दोन मीटरवर कान स्पीकरच्या उंचीला येईल असे बसून एकच रिफ वाजवावी. मागे तिरका टेकवला तरी चालतो. एवढ्याने घुमणे निम्मे कमी झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. लहान, सहा-आठ इंची स्पीकरच्या टेबलावरील ॲम्पांना हीच बाब उलटी लागू पडते: त्यांच्याकडे मुळात बेस थोडा असतो, म्हणून त्यांना भिंतीजवळ ठेवणे फायद्याचे ठरते, फक्त टेबलाची फळी सोबत थरथरत नाही ना एवढे पाहावे.

कॅबिनेटची नक्कल: एकदा, दोनदा की एकदाही नाही

या सबंध विषयात माझ्या मते सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात जास्त नुकसान करणारी चूक इथे होते. गिटारचा स्पीकर हा संगीत ऐकण्याच्या स्पीकरसारखा नसतो. तो साधारण ५००० हर्ट्झच्या पुढचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो, आणि डिस्टॉर्शनमधून निघणारी वरची सगळी खरखर त्याच्यामुळेच सुसह्य होते. मॉडेलिंग ॲम्पमधील कॅब सिम किंवा इम्पल्स रिस्पॉन्स, ज्याला सगळे आयआर म्हणतात, हे नेमके याच गाळणीचे अंकांतले रूप आहे. त्यात स्पीकरच नव्हे तर त्याच्यासमोर ठेवलेला माइकही सामावलेला असतो. लाइन ६ कंपनीने १९९८ साली आणलेला पॉड हा लाल, घेवड्याच्या दाण्यासारखा डबा लोकप्रिय झाला तोच मुळी यामुळे की त्यातून निघालेली तार माइकशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडता येत होती.

आता ही गाळणी साखळीत नेमकी एकदाच यायला हवी. मॉडेलिंगचा आवाज हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर, पीए (कार्यक्रमातील ध्वनिक्षेपक यंत्रणा) किंवा ज्याला एफआरएफआर म्हणतात तशा सपाट प्रतिसादाच्या स्पीकरमधून ऐकायचा असेल, तर कॅब सिम चालू हवे. तोच आवाज खऱ्या गिटार कॅबिनेटमध्ये किंवा दुसऱ्या ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये सोडायचा असेल, तर ते बंद हवे. दोनदा गाळले गेले की टोन जाड पांघरुणाआडून आल्यासारखा, बोलका भाग हरवलेला वाटतो आणि ट्रेबल दहापर्यंत नेला तरी तो उघडत नाही. एकदाही गाळले गेले नाही की बाटलीत अडकलेल्या माशीसारखी अखंड झिंझिं ऐकू येते आणि ट्रेबल शून्यावर आणला तरी ती जात नाही. ट्रेबलचा नॉब शेवटच्या टोकाला नेऊनही तक्रार तशीच राहत असेल, तर प्रश्न ट्रेबलचा नाही, गाळणीचा आहे, असे समजावे.

तपासण्याची सोपी रीत अशी: वायरचा बरा हेडफोन ॲम्पला जोडून तोच प्रीसेट ऐकावा. हेडफोनमध्ये टोन ठीक आणि स्पीकरवर खराब असेल, तर मॉडेल निर्दोष आहे आणि आउटपुटच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्बो’, ‘स्टॅक’, ‘लाइन’, ‘स्टुडिओ’ अशा ज्या निवडी असतात त्यांतली बहुधा चुकीची निवड झालेली आहे. पुष्कळ कॉम्बोंमध्ये आतला स्पीकर गिटारच्या जातीचा असतो आणि हेडफोनच्या भोकात जॅक घातला की कॅब सिम आपोआप चालू होते. काहींमध्ये मात्र आतला स्पीकरच सपाट प्रतिसादाचा असतो आणि कॅब सिम सदैव चालू ठेवावे लागते. आपला ॲम्प कोणत्या जातीचा आहे हे पुस्तिकेत पाहून एकदा ॲम्पच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे, असा माझा सल्ला आहे. मी तसे लिहून ठेवले आहे आणि अजूनही ते वाचावे लागते.

गाळणी बरोबर बसूनही थोडी चरचर उरली, तर कॅब सिमच्या नंतर हाय कट आणि लो कट लावावेत. हाय कट ८००० हर्ट्झपासून सुरू करून ६००० पर्यंत हळूहळू खाली आणावा आणि चरचर जाते तिथेच थांबावे. आणखी खाली गेले की पिकचा टणत्कारही जातो. लो कट ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झला वाजते, त्यामुळे १०० वर कापणे अनेकांना पाप वाटते. पण तिच्या आवाजातली ओळख पटवणारी बहुतेक शक्ती वरच्या हार्मोनिकांमध्ये असते आणि ती खालची जागा तालमीत तशीही बेस गिटारची असते.

मॉडेलचे नॉब

इथपर्यंत सगळे तपासून झाल्यावरच मॉडेलला हात लावावा. मॉडेल ज्या मूळ ॲम्पची नक्कल आहे त्याचे नॉब कसे वागत होते हे ठाऊक नसेल, तर इथेही फसगत होते. फेंडर पद्धतीच्या ॲम्पात तिन्ही टोन नॉब मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट होतो, ही समजूत चुकीची आहे. ते परिपथ मुळातच साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. सपाटपणाच्या जवळ जायचे असेल तर बेस आणि ट्रेबल अगदी खाली आणि मिड पूर्ण वर न्यावा लागतो. व्हॉक्स एसी ३० मधला कट हा नॉब उलटा चालतो: तो वाढवला की वरचे स्वर कमी होतात. जुन्या मार्शल प्लेक्सीला मास्टर व्हॉल्यूम नव्हताच, त्यामुळे तिच्या नकलेत गेन म्हणून जो नॉब दिसतो तो मुळात व्हॉल्यूमचा नॉब आहे आणि सहाच्या खाली ठेवल्यास तिच्याकडून त्या प्रसिद्ध गुरगुरीची अपेक्षा करू नये. अर्थात काही स्वस्त ॲम्पांत सर्व मॉडेलांना एकच सर्वसाधारण टोन परिपथ दिलेले असते आणि तिथे हे ज्ञान कामी येत नाही; एखाद्या मॉडेलवर बेस, ट्रेबल शून्य करून मिड पूर्ण वाढवला की ते कळते.

मास्टर आणि आउटपुट लेव्हल यांतली गल्लत तर मी सर्वत्र पाहतो. मॉडेलमधील मास्टर हा नकलेच्या पॉवर ॲम्पला किती रेटायचे ते ठरवतो. तो वाढवला की स्वर दबले जातात, पिकचा आघात मऊ होतो, बेस सैलावतो. प्रीसेटची आउटपुट लेव्हल किंवा चॅनल व्हॉल्यूम मात्र फक्त आवाज कमी-जास्त करते, टोनला स्पर्श करत नाही. तालमीत आवाज कमी पडला म्हणून मास्टर फिरवणारा वादक नकळत आपला टोनच बदलत असतो, आणि घरी परत येऊन ‘ॲम्प आज वेगळाच वाजतोय’ म्हणतो. आवाज वाढवण्यासाठी ॲम्पवरचा मुख्य व्हॉल्यूम वापरावा, दोन प्रीसेटांची बरोबरी करण्यासाठी आउटपुट लेव्हल, आणि मास्टरला टोनचाच एक नॉब समजावे. प्रीसेटांची तुलना करतानाही आधी त्यांची पातळी सारखी करावी, कारण एक-दोन डेसिबलने मोठा असलेला प्रीसेट कानाला नेहमीच ‘अधिक चांगला’ वाटतो.

गेनबद्दल थोडक्यात एवढेच: जितका पुरेसा वाटतो त्याहून एक-दीड अंशाने कमी ठेवावा. खालच्या तारांवरचे पॉवर कॉर्ड गढूळ होत असतील, तर बेस डिस्टॉर्शनच्या नंतर कापून फारसा उपयोग होत नाही, कारण गढूळपणा डिस्टॉर्शनच्या आतच तयार झालेला असतो. खालचे स्वर सर्वांत आधी रेटले जातात आणि त्यांच्यासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांनाही मळवतात. म्हणून बेस डिस्टॉर्शनच्या आधी कमी करावा. ट्यूब स्क्रीमर जातीचे ओव्हरड्राइव्ह ॲम्पच्या आधी लावून त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवण्याची जी रूढ युक्ती आहे, तिचा अर्थ इतकाच आहे. ते पेडल खालचे स्वर रोखते आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मध्य पुढे ढकलते. कारखान्यातून आलेल्या प्रीसेटांवरचा रिव्हर्ब आणि डिले मात्र निर्दयपणे निम्मा करावा. ते प्रीसेट दुकानात एकट्याने वाजवून छाप पडावी अशा बेताने बनवलेले असतात, असा माझा पक्का समज आहे.

इनपुट, केबल आणि गुणगुण

इनपुटवर अंकांची मर्यादा ओलांडली गेली की निघणारा फटाक्यासारखा तडतडाट कोणत्याही मॉडेलने सुधारत नाही. जोरात वाजवताना क्लिपचा दिवा लागत असेल, तर इनपुट पॅड चालू करावा किंवा पिकअप थोडे खाली घ्यावेत. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत सुमारे दोन मिलिमीटर अंतर राहील असे पाहिले तर सुरुवात बरी होते. याउलट गिटार चुकून लाइन किंवा ऑक्स इनपुटमध्ये लावली गेली, तर टोन बोथट आणि अशक्त होतो, कारण गिटारच्या साध्या पिकअपला १० लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो आणि लाइन इनपुट त्याच्या मानाने फार कमी ओहमचा असतो. गंजलेल्या तारांविषयी मी काही लिहीत नाही, त्या बदलाव्यात.

गुणगुणीचा उगम ओळखण्यासाठी गेन चढवून, तारांवर हात ठेवून, गिटारसह स्वतःभोवती हळूहळू एक पूर्ण फेरी मारावी. एखाद्या दिशेला गुणगुण कमी होऊन दुसऱ्या दिशेला वाढत असेल, तर ती सिंगल कॉइल पिकअप हवेतून उचलत आहे, आणि ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टर किंवा दिव्यांपासून दूर सरकणे हाच उपाय आहे. फेरी मारूनही ती तशीच राहिली, तर वीजपुरवठ्याच्या वाटेने येत आहे. तिची फ्रीक्वेन्सी देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ अथवा त्याच्या दुप्पट असते. यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असताना बारीक किरकिर येत असेल, तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. निम्म्या वेळी तेवढ्यानेच ती थांबते. कोणत्याही परिस्थितीत प्लगची अर्थिंगची पिन कापू नये किंवा झाकू नये. गुणगुण जाईल, पण दोष निर्माण झाल्यास हातातल्या तारांवर वीज येऊ शकते. नॉइज गेट हे सगळे उपाय करून झाल्यावरच लावावा आणि त्याची मर्यादा एवढीच ठेवावी की शेवटचा स्वर विरताना मध्येच तुटणार नाही.

ॲम्प खरोखरच बिघडला आहे का

इतके करूनही शंका उरली, तर बोटांना चाचणीतून वगळावे. ॲम्पमध्ये किंवा पेडलवर लूपर असेल, तर तो साखळीत सर्वांत आधी ठेवून अर्ध्या मिनिटाची एक साधी रिफ भरून घ्यावी: थोडे मोकळे कॉर्ड, थोडे पाम म्यूट, थोडे वरचे एकेरी स्वर. आता तेच वाजणे अखंड फिरत राहते, दोन्ही हात नॉबांसाठी मोकळे होतात, आणि खोलीभर फिरून निरनिराळ्या जागी ऐकताही येते. ज्यांच्याकडे यूएसबीची सोय आहे त्यांनी गिटारचा कोरा संकेत एकदा रेकॉर्ड करून ठेवावा आणि दर वेळी शंका आली की तोच त्याच प्रीसेटमधून सोडून हेडफोनवर ऐकावा. आज आणि महिन्यापूर्वी तो सारखाच वाटत असेल, तर मॉडेल शाबूत आहे. फर्मवेअर अद्ययावत केल्यानंतर मात्र तो वेगळा वाटू शकतो, कारण उत्पादक कधी कधी जुनी मॉडेले सुधारतात. म्हणून अद्ययावत करण्याआधी सर्व प्रीसेटांची प्रत संगणकावर काढून घ्यावी.

हेडफोनवर ठीक आणि स्पीकरवर, जागा बदलूनही, खराब, असे आढळले तर यांत्रिक दोष शोधावा. सहाव्या तारेवर मोकळ्या स्वरापासून एकेक फ्रेट वर जात, मध्यम आवाजात, क्लीन टोनवर प्रत्येक स्वर तीन सेकंद धरून ठेवावा. सगळ्याच स्वरांवर खरखर असेल तर स्पीकरचा शंकू किंवा त्याची कड फाटलेली असण्याची शक्यता आहे. एखाद्याच स्वरावर असेल, तर काहीतरी सैल आहे: मागच्या फळीचा स्क्रू, हँडलची पट्टी, जाळीची चौकट. त्या स्वरावर थांबून दुसऱ्या कोणाला एकेका भागावर तळहात दाबायला सांगावे. ज्या भागावर दाब पडताच आवाज थांबतो तो भाग आवळावा.

ही चाचणी करताना मी एकदा जवळजवळ पाऊण तास सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे जी स्वरावर, अडकून पडलो होतो. कॅबिनेटचे सगळे स्क्रू आवळून झाले, हँडल काढून झाले, जाळी उतरवून झाली, तरी प्रत्येक जीबरोबर एक कोरडी सळसळ येतच होती. शेवटी ड्रमर आत आला, काही न बोलता त्याने स्नेअर ड्रमच्या बाजूची कळ खाली केली, तिच्या खालच्या तारा सैल झाल्या आणि सळसळ थांबली.